गुरुवारचा रविवार

सूतगिरनीले सुट्टी गुरुवारी,
त्याच्यानं राडेकर साहेबाचा रविवार गुरुवारीच यायचा.
नाव त्याचं राडेक. पोट्टे राडेकर म्हनत,
अन् गेटपासवर मॅनेजरनंही तेच लिवलं.
बायको मिलेना. उंच, लाल कानाची,
टोपी घालून बाजारात टमाटे निवडे.
मले डोमाजी म्हनता म्हनता पहिल्याच दिवशी दोघं हासले.
वाटलं, नावात काही वंगाळ असन.
मंग साहेबानं छातीवर हात ठेवून सांगतलं,
आमच्याकडे 'डोमात्सी' म्हंजे घरचा.

हप्ताभर त्यायचं असं :
तो नव्या मशीनीत मुंडकं घालून,
ती क्वार्टरात व्होल्टेजची वाट पाहत.
गच्चीवर पावाचे तुकडे वाळवे,
पहिला वाटा कावळ्याचा, मंग नवऱ्याचा.
रात्री लाइन गेली का बाहेर खुर्च्या टाकून
दोघं चूप बसत. भांडन नाही, मोबाइल नाही.
आमची पार्बता म्हने,
"बोलत काहून नाही हे? सरलं काय यायचं बोलनं?"

गुरुवारी सकाळी सातले तयार.
पाठीवर थैला, उकडलेले अंडे, पान्याची बाटली.
"कुठी जाचं?" मी विचारो.
तो हातानं रस्ता दाखवे. नुसता रस्ता.
गिरडच्या पुढं, खुर्सापारच्या जंगलाच्या अलीकडे
बोलेरो थांबवाची अन् ते पायी निंघत.
कोनाचं वावर पाहाले नाही,
कोनाच्या दुखल्याखुपल्याले नाही,
देवाले नाही, बाजाराले नाही.
दोन कोस हिंडाचं अन् होतो तिथंच वापस याचं.
बांधावरचे लोक मले विचारत, "कोनाकडे चालले हे?"
जबाब नसे. एकदा म्या सांगतलं, "सरकारी सर्वे हाय."
तवापासून लोक त्यायले
सातबारा दाखवाले लागले.

तान्ह्या पोळ्यानंतरचा गुरुवार.
रातभर पानी, सकाळी घाम काढनारं ऊन.
मिलेना चालता चालता वारुळापाशी बसली ते बसलीच.
सात्या निंघाल्या होत्या, पांढऱ्या, मातीसकट.
तिनं खिशातून चाकू काढला,
लाकडी दांड्याचा, घासून घासून पातं बारीक झालेला,
अन् तिच्या तोंडून काही निंघालं. भाषा कळली नाही.
माय दिसल्यावर मानूस जे बोलते, तसं होतं.

मंग दिसन ते तोडाले लागली.
तं काडीवाली बायजा कुठून आली कोन जाने,
डोक्यावरचा भारा खाली अन् तिच्या हातावर फटका.
"हे नाही बाई. हे मारते."
मान वाकडी करून, डोळे फिरवून दाखवलं.
मिलेनानंही तसंच करून दाखवलं,
म्हंजे तिच्या गावातही मराची रीत तेच.
चिखलात बसून दोघी हुंगत होत्या, मोडत होत्या,
दांडा नखानं खरडत होत्या.
ही म्हने सात्या, ती म्हने हौबा.
साहेब अन् मी बोलेरोच्या सावलीत
अंडे खात राह्यलो.

त्या रात्री क्वार्टरात बायजाच्या हातचं कालवन,
असं तिखट का साहेबाच्या नाकातून पानी.
मिलेनाचं जिऱ्याचं सूप बायजानं पेऊन पाह्यलं,
"आजाऱ्याचं हाय," म्हने, "पन चांगलं हाय."

थंडीत मशीनी चालू झाल्या. ते गेले.
चाकू बायजाच्या कमरेले.
मले एक फोटू देला.
फोटूत मी नाही, नुसता रस्ता हाय.

दोन गुरुवार बोलेरो उभी.
तिसऱ्या गुरुवारी पार्बताले म्हनलं, "चाल."
"कुठी?"
"कुठीच नाही."
तिनं जवळ येऊन हुंगलं, पेला का काय म्हनून.
मंग लुगडं बदललं.
पारापर्यंत गेलो नाही तं ओट्यावरून हाक,
"डोमाजी, कोनाकडे?"
मी तोंड उघडाच्या आंधी तिनं थैली वर केली,
"सांबार आनाले."
फाटा येवोपर्यंत ती काही बोलली नाही,
मीही नाही.
मंग रिकामी थैली घडी करून काखेत घातली
अन् म्हने, "थोडं आनखी जाऊन पाहू."